गालातला खडा

नववीत गेली आणि योगिनीला वाचाच फुटली. लाळ कशी तयार होते यावर वर्गात ती अशी काही घडाघडा बोलली, की विज्ञानाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून घरात कुणी साधा ढेकर दिला, तरी ही त्याचं कारण सांगायला तयार!

घर म्हणजे शहरातल्या गारखेडा भागात उठणाऱ्या एका इमारतीच्या पायथ्याची पत्र्याची खोली. तिचे वडील त्रिंबक तिथं राखणदार. देवगाव रंगारीकडं त्यांची मेंढरं होती. दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकली, माणसं शहरात आली. पण सवय काही सुटली नाही. मेंढरं प्याल्याबिगर आपण पाण्याला तोंड लावायचं नाही, तोवर नदीतला गुळगुळीत खडा गालात धरायचा. लाळ सुटते, तहान दबते. आता मेंढरं नव्हती, तर त्यांनी बायको-लेकीलाच कळप मानलं. टँकरचं पाणी आधी त्यांना. उरलं तर स्वतःला.

"अण्णा, थुका तो खडा!" एके दिवशी योगिनीनं हात पुढं केला. "लाळ तुमच्याच रक्तातल्या पाण्याची बनती. नवं पाणी येत नाय तिच्यानं. नुसतं जिभेला फसवताय तुमी."

"माझ्या बापानं उभा जल्म काढला ह्याच्यावर."

"त्यांच्या डोक्यावर असला तापलेला पत्रा नव्हता."

"वकीलच जन्माला घातली की गं मी!" आई, सारजाबाई, खदखदून हसली. त्रिंबकही हसले. हसताना फुटलेल्या ओठातून रक्त आलं. त्यांनी खडा लेकीच्या तळहातावर थुंकला. तिनं तो शेजारच्या नव्या पायाच्या खड्ड्यात भिरकावला. तिथं काँक्रीट ओतणं चालू होतं. मग तिनं तांब्या भरून दिला, आणि अण्णा सगळा प्याले. स्पर्धा जिंकल्यासारखी ती खोलीभर नाचली.

पण पायांवर सूज आधीच चढली होती. लघवी चहासारखी होत होती, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. अडीच महिन्यांनी एका सकाळी त्यांना उठताच येईना.

"दोन्ही किडन्या गेल्यात," सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "किती वर्षं उन्हात पाण्यावाचून काढलीत?"



मग मशीनवर रक्त धुणं सुरू झालं, आणि सोबत ताकीद आली. दिवसाला दोन पेले पाणी, वर थेंब नाही. जास्तीचं बाहेर टाकायला शरीरात आता काही उरलं नव्हतं. आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात इमारतीला नळ आला! खोलीच्या दारातच त्याची धार.

"तहान लागली तर काय द्यायचं?" योगिनीनं नर्सला विचारलं. आवाज अगदी बारीक.

"चघळायला द्या काहीतरी. लाळ सुटली की बरं वाटतं."

घरी आल्यावर त्रिंबकनी जीभ टाळूला चिकटवत, सोडवत, हळूच विचारलं, "योगे, माझा खडा कुठं फेकलाय गं?"

रागानं नाही विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या पायावर आता दोन मजले चढले होते. गावाकडच्या नदीतले वाळू-गोटे कधीच ट्रकात भरून गेले होते. योगिनी खडीच्या ढिगावर बसली. क्रशरची खडी ती, एकूणएक खडा धारेचा. त्यातल्या त्यात बरा दिसेल तो ती धुवायची आणि आधी स्वतःच्या गालात धरून बघायची. हिरडीला टोचायचा. थुंकायची. दुसरा घ्यायची. थुंकी लाल येऊ लागली.

"घावला का गं?" आतून कोरडा आवाज आला.

"बघती, अण्णा."

मागं नळ वाहत होता. तिनं पुढचा खडा उचलला.