दुसऱ्या नंबरची सिगार

माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. कारखान्यात सिगारची चव पारखणाऱ्या चवदाराच्या जिभेला मात्र चांगलं दणकट हाड होतं, आणि तीन वर्षांपूर्वी ते तिच्या बापाच्या पाठीत बसलं होतं.

ती सिगार वळायची. बारा वर्षं त्याच टेबलावर, त्याच खिडकीशी. बाप तिथेच तंबाखूची पानं मुरवायच्या खोलीचा मुकादम. गठ्ठे उलटेपालटे करत, त्यांची ऊब हाताने जोखत त्याने एकतीस वर्षं काढली होती. एके दिवशी त्याच्या एका गठ्ठ्यातल्या पानाची सिगार चवदाराने पेटवली, एकच झुरका घेतला आणि मालकीणबाईंसमोर म्हणाला, "कुबट." बस्स. बाप मान खाली घालून घरी आला आणि मूग गिळून बसला तो बसलाच. पंधरा दिवसांत त्याच्या जागी चवदाराच्या पुतण्याची वर्णी लागली. आता यात न समजण्यासारखं काय आहे? तिला तर सगळं लख्ख समजलं.

तिने डूख धरला. तो गठ्ठा जाळायला नेत होते तेव्हा त्यातली वरवरची ओंजळ-दोन ओंजळ नव्हे, थेट तळापासून चांगली कवेत मावतील तेवढी पानं तिने पळवली आणि टेबलामागच्या लाकडी कपाटात, मोडक्या साच्यांखाली दडवली. तीन वर्षं पानं मुरली आणि त्यांच्याबरोबर तिचा रागही. अधूनमधून ती पानं हुंगायची. दर वेळी वास आधीपेक्षा गोड. शेवटी एक सिगार वळून तिने स्वतः ओढली, तर मध! मध आणि मनुका! कुबटपणा औषधालाही नाही. "खोटारडा मेला," ती मोठ्याने म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी तिला कडकडून भूक लागली.

संधी चालून आली ती कारखान्याच्या नव्या सिगारच्या निमित्ताने. महागातली सिगार काढायची होती. चार बडे व्यापारी येणार, एक नंबरची म्हणजे कारखान्याची जुनी नावाजलेली सिगार आणि दोन नंबरची म्हणजे नवी, अशा दोन्ही ओढून ताडून बघणार, आणि शेवटचा शब्द चवदाराचा. नवी सिगार वळायचं काम तिच्याकडे आलं. तिने ठरलेली पानं बाजूला सारली आणि कपाट उघडलं.

हिशेब सरळ होता. चवदार चांगली म्हणाला, तर तीन वर्षांपूर्वीचं खोटं त्याच्याच तोंडून उघडं पडणार. वाईट म्हणाला, तर व्यापारी त्याला हसणार. इकडे आड, तिकडे विहीर. मेल्या, पड कुठे पडायचं तिथे.

दुपारी मोठ्या खोलीत सगळे बसले. वळणारीने हजर राहायची पद्धत होती, म्हणून ती दाराशी उभी राहिली. आधी एक नंबर झाली. चवदार डोळे मिटून बोलत गेला: सुरुवातीला भाजलेली कॉफी, मग मिरी, मधल्या भागात अक्रोड, शेवटाला जरा कोरडी. व्यापारी माना डोलावत होते. मग पाण्याने तोंड खळबळून सगळ्यांनी दोन नंबर पेटवली.

"अहाहा!" जाडा व्यापारी पहिल्याच झुरक्याला खुर्चीत मागे रेलला. "मध हो, अस्सल मध!"

"आणि मनुका," दुसरा म्हणाला. "बाई, ही कुठे लपवून ठेवली होतीत?"

मालकीणबाईंचा चेहरा खुलला. चवदाराने मात्र सिगार फिरवून बघितली, पुन्हा झुरका घेतला, धूर तोंडात खेळवून नाकाने सोडला.

"मध आहे," तो म्हणाला. "मनुकाही आहे. पण त्याच्या खाली कुबट आहे."

"काहीतरीच काय!" जाडा व्यापारी हसला.

"आपल्या नावाने ही विकू नये, बाई. पान एकदा आतून भिजलेलं आहे."

आता सगळेच हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तेवढ्यात ती पुढे झाली. शब्द तीन वर्षं घोटलेले होते.

"बाई, ही माझ्या बाबांच्या गठ्ठ्याची पानं. याच पानांना यांनी कुबट म्हटलं आणि बाबांना घरी बसवलं. पुतण्याला चिकटवायचं होतं ना! आता या चार पाहुण्यांनाच विचारा, कुबट काय आहे ते. पान की माणूस?"

मालकीणबाईंनी चवदाराकडे बघितलं. "काही बोलायचंय?"

"जे लागलं ते सांगितलं," तो म्हणाला. "तेव्हाही आणि आत्ताही."

"मग आमची जीभ फिरलीय म्हणायची. या तुम्ही," मालकीणबाई म्हणाल्या.

तो उठला. कोटाची बटणं लावली आणि तिच्या शेजारून निघून गेला. त्याने रडावं, भांडावं, निदान तिच्याकडे वर मान करून बघावं, असं तिला फार वाटत होतं. यातलं काहीच झालं नाही. पण बाई म्हणाल्या, "पान ओळखलंस तू. उद्यापासून त्याच्या खुर्चीत तू बसायचं." आणि मग तिचं विमान जमिनीवर उतरेना.

उरलेली एक सिगार घेऊन ती धावतच घरी गेली. बाप खिडकीशी बसला होता. तिने सिगार पेटवून त्याच्या हातात दिली आणि सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. कसा चवदार फसला, कसे सगळे हसले, कसा तो गेला, कशी उद्यापासून त्याची खुर्ची तिला मिळाली. बाप ओढत राहिला, ऐकत राहिला. मग त्याने सिगार बशीच्या कडेवर ठेवली.

"छप्पर गळत होतं," तो म्हणाला.

"कुठलं छप्पर?"

"खोलीचं. मी दोन दिवस गठ्ठा उलटलाच नाही. आळस केला. तळ भिजला. मग वर कोरडी पानं रचली आणि म्हटलं, कोणाला कळतंय. त्याला एका झुरक्यात कळलं."

"बाबा, तो पुतण्या..."

"पुतण्याला बाईंनी घेतलं. त्याने नको म्हटलं होतं." बापाने डोळे पुसले. "वरची पानं मी रचली होती, हेही त्याने ओळखलं, पण बाईंना सांगितलं नाही. नुसतं कुबट म्हणाला. मग मुरवायच्या खोलीत येऊन मला म्हणाला, घरी पोरीला सांगा नीट. माझ्याच्याने झालं नाही, पोरी."

तिला वाटलं, बाप आपल्यावर ओरडला असता तरी बरं झालं असतं. लाजेने तिचे कान तापले.

"तुला लागलं का ते कुबट?" बापाने विचारलं. "मधाच्या खाली?"

तिने बशीतली सिगार उचलली. लांब झुरका घेतला, धूर तोंडात धरला, चवदार सोडायचा तसा नाकाने सोडला. मध. पुन्हा घेतला. मध, मनुका. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, डोळे मिटून. सिगार बोटांना चटका देईपर्यंत ती ओढत राहिली.

"लागलं?"

"नाही," ती म्हणाली.