मिनिटाला सहा श्वास

मी गावची आशा सेविका आहे. बारा वर्षं झाली, कुणाच्या घरी बाळ जन्मलं की मी घड्याळ मांडीवर ठेवून त्याचे श्वास मोजते. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं मला चालत नाही. गावातल्या प्रत्येक घरात माझं ऐकतात. स्वतःच्या घरात मात्र मी सून आहे, तिथे आधी चहा ठेवायचा असतो.

माझा दीर प्रेम नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रकवर रुईच्या गाठी चढवायचा. दीड वर्षापूर्वी त्याची पाठ धरली. सोबतच्या गोकुळने दुखण्याच्या कॅप्सूल दिल्या. आधी एक, मग दोन, मग दिवसाला दहा. नाही मिळाल्या की नाक गळायचं, पायात गोळे यायचे, घरात आदळआपट व्हायची. मी म्हटलं, बुलढाण्याला नेऊ, सरकारी दवाखान्यात व्यसनाचे डॉक्टर असतात. सासरे पंजाबराव माझ्यावर उखडले.

"येड्याच्या डाक्टरकडं नेतं का त्याले? मंग पोरगी देईन का कोनी?"

मग गावात सप्ताह बसला आणि काल्याच्या दिवशी महाराजांच्या हातून प्रेमच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. आमच्याकडे माळ पडली की विषय संपला. माळकऱ्याने सोडलं म्हणजे सोडलं, त्याला पुन्हा विचारणं म्हणजे माळेचा अपमान. पुढचे आठ-दहा दिवस तो वावरातल्या खोलीत लोळत होता. हगवण, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. "अंगातली घाण निघून राह्यली," सासूबाई कौतुकाने सांगायच्या. औषध देऊन हे हाल कमी करता येतात, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे तो उठून हिंडायला लागला, तशी मीही गप्प झाले.

माळ पडून महिना होत आला होता. मे महिन्यातला लसीकरणाचा दिवस. दीड वाजता घरी आले तर सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, मधल्या खोलीत प्रेमच्या उशाशी बसून त्याच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होत्या.

"ऊन लागलं लेकराले," त्या म्हणाल्या. "पन येवढ्या दिसानं झोप लागली पाह्य. कसा घोरून राह्यला! उठवू नोको."

मी घोरणं ऐकलं. ते घोरणं नव्हतं. घशात पाणी अडकल्यासारखा एक घरघराट यायचा आणि मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की मी पिशवी हातातच धरून उभी राहिले.

ऊन लागलेल्याचं अंग तव्यासारखं तापतं, श्वास भरभर चालतो. याचं अंग गार आणि चिकट. ओठ जांभळे, नखं जांभळी. पापणी वर केली तर बाहुली मोहरीएवढी. मी हाका मारल्या, गदागदा हलवलं, छातीच्या हाडावर मूठ जोरात घासली. त्याने कपाळावर साधी आठीसुद्धा आणली नाही. मी १०८ लावलं, फोन स्पीकरवर ठेवला आणि पलीकडची बाई पत्ता लिहून घेईपर्यंत घड्याळ समोर धरून श्वास मोजले. पूर्ण एक मिनिट.

सहा.

"आत्याबाई, यानं कॅप्सूल घेतल्या."

"तोंड आवर! गळ्यात तुयशीची माय हाय त्याच्या."

तेवढ्यात सासरे कैरीच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन आले आणि त्याचं तोंड उघडून ओतायला वाकले. मी तो तांब्या हाताने उडवला. सगळं पन्हं भिंतीवर. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांवर ओरडले असेन.

"मामाजी, त्याले गियता येत नाही! छातीत जाईन अन् मरन तो!"

"अन् तू गाडी बलावली? भोंगा वाजवत येईन. सारं गाव जमा होईन ना!"

मला संताप आवरेना. पोरगा डोळ्यांसमोर निळा पडतोय आणि यांना भोंग्याची लाज!

फोनवरची बाई म्हणाली, "ताई, श्वास फार कमी आहेत. गाडी येईपर्यंत तोंडाने श्वास देता येईल का?" हनुवटी वर करा, नाक दाबा, दर पाच सेकंदांनी एक.

मी गुडघ्यावर बसले, पदर कमरेला खोचला आणि दिराच्या तोंडाला तोंड लावलं.

"काय करून राह्यली व!" सासूबाई किंचाळल्या. "बाहीर मानसं उभी हायेत!"

उभी होतीच. ओरडा ऐकून दारात शेजारी जमले होते. कुणी काय पाहिलं, पुढे काय बोललं, ते सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एक ते पाच मोजत होते. एक श्वास, पाच आकडे, पुन्हा श्वास. पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा चक्कर आली, पण थांबले नाही. त्याच्या ओठांचा रंग थोडा उजळला तेव्हा मला रडू फुटलं, आणि रडत श्वास देता येत नाही म्हणून मी स्वतःलाच शिवी घातली.

गाडी आली. डॉक्टरांनी प्रेमच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला सुरुवात केली. सासू-सासरेही आत चढले. "काय घेतलं याने?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऊन लागलं साहेब," सासरे म्हणाले.

"कॅप्सूल," मी म्हणाले. "आधी सवय होती. महिन्यापासून बंद होत्या."

"कोणत्या? किती? नाव कळलं तर दवाखान्यात फोन करून तयारी करायला सांगतो."

मला नाव माहीत नव्हतं. मी प्रेमचे खिसे चाचपले, काही नाही. डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा सासऱ्यांकडे बघत होते. सासरे खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा सासूबाईंनी कमरेची सुपारीची चंची सोडली, आत बोटं घातली आणि रिकामं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवलं.

"उशीखाली सापडलं व्हतं," त्या म्हणाल्या. "सकायीच."

सकाळी! पाकीट चंचीत घालून ही माउली दीड वाजेपर्यंत कांदा चोळत बसली होती. त्यांना बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण त्यांचा हात तसाच उघडा राहिला होता, मिटायचं विसरल्यासारखा.

डॉक्टरांनी पाकीट वाचून फोन लावला. "अफूच्या जातीचं औषध आहे. इंजेक्शन भरून ठेवा." दवाखान्यात ते इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांनी प्रेमने दीर्घ श्वास घेतला, मग दुसरा, आणि आईला बघून तोंड फिरवलं. इंजेक्शनचा असर उतरला की पुन्हा श्वास मंदावू शकतो, म्हणून रात्रभर त्याला तिथेच ठेवलं.

सकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. महिनाभर बंद असलं की शरीराची सवय मोडते, मग पहिल्याइतक्याच घेतल्या तरी जीव जातो, असं त्यांनी सांगितलं. नुसतं सोडून भागत नाही, उपचार लागतात, कित्येक महिने.

सासरे म्हणाले, "महाराजाले पुन्हा एकडाव भेटवतो साहेब. याच्या मनाचीच ढिल झाली." मी काही बोलायच्या आत सासूबाई त्यांच्याकडे वळल्या.

"म्या पाकीट लपोलं ना, आता तुमी पोरगं नोका लपवू. बुलढान्याची चिठ्ठी द्या साहेब."

चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दिवशी मी आणि प्रेम एसटीने निघालो. तो खिडकीशी बसला होता, अंगावर मे महिन्यात शाल. मोताळ्यापर्यंत मी रागच गिळत होते. मग राहवलं नाही.

"पुन्हा घ्याव्या वाटल्या तं मले काऊन नाही सांगतलं? घरात आशा हाय ना रे!"

त्याने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"सांगनारच व्हतो वहिनी. बाविसाव्या दिवशी पाठ लय दुखली, तवाच. पन सांगू कोनाले? जो भेटे तो गळ्यातली माय पाहून पाया पडे. पाया पडनाऱ्याले कसं सांगाव, का मले कॅप्सूल पाहिजे?"

माळ पडली त्या दिवशी घरी आल्या आल्या, उंबऱ्यातच, त्याच्या पायावर सगळ्यांत आधी डोकं मीच टेकवलं होतं.