धुराविना छप्पर

"आधी माझ्या डोस्क्यावर वत, मग चुलीवर!" लेइसाऊ आजी दारात आडवी उभी राहिली. समोर पाण्याची बादली घेऊन ट्रेवर साहेब.

वादळानं आमचं बेट झोडपलं, तेव्हा साहेबाच्या संस्थेनं बारा घरं बांधून दिली. रांगेत, आखून. कूड आमच्याच बांबूचे, छप्पर आमच्याच नातांगुरा ताडाच्या पानांनी शाकारलेलं. पर्यावरणाला पूरक घरं म्हणे! जसे काही आमचे वाडवडील प्लॅस्टिकमध्ये राहत होते. नियम एकच: घरात चूल पेटवायची नाही.

"आग लागेल, आजी. पुन्हा आत चूल दिसली तर घर दुसऱ्याला देईन."

"आरं लेकरा, पानास्नी धूर लागतुया. न्हाईतर दोन वर्सांत किडं छप्पर खाऊन टाकत्यात."

"आमच्या इंजिनियरांनी अभ्यास केलाय."

"आन् किड्यांनी वाचलाय व्हय त्यो?"

साहेबानं बादली ओतलीच. म्हातारीचं पहिलं घर समुद्रानं नेलेलं, हेही गेलं असतं तर तिला थाराच नव्हता. तरी ती हटली नाही. साहेबाची बोट दिसली की चूल बाहेर, बोट गेली की आत. आम्ही अकराजण मात्र घर जाईल म्हणून शहाण्यासारखे बाहेर रांधत राहिलो. मीही भ्यालो, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांत आमच्या छपरांचा भुसा ताटात पडायला लागला. पाऊस आला की मी पोरांना घेऊन कोपरे बदलायचो. आणि नेमके तेव्हाच मोठे पाहुणे घरं बघायला आले. साहेब घामाघूम. दाखवण्यासारखं एकच घर उरलं होतं, म्हातारीचं.

पाहुण्यांनी वर पाहिलं. "पानांवर हा काळा थर कसला?"

साहेब खाकरला. "संरक्षक लेप. स्थानिक पद्धतीचा."

पाहुण्यांनी लिहून घेतलं. म्हातारीनं तोंड लपवून नाही, चक्क साहेबाच्या तोंडावर हसून घेतलं.

"काय गं आजे, सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

"इचारलं कुनी मला?"

महिन्याभरानं आम्ही छपरं नव्यानं शाकारली, तोच बोटीतून अकरा घरांसाठी लेप आला. काळ्या रंगाचे बावीस मोठे पत्र्याचे डबे! सोबत चिठ्ठी: घरात चूल पेटवण्यास मनाई कायम.

म्हातारीनं एक डबा उलटासुलटा करून पाहिला, बोटानं वाजवला.

"रंग लावा तुमच्या व्हडीला," ती म्हणाली. "डबं झ्याक हायती. खाली भोक पाडा, चुली मांडा."

त्या संध्याकाळी बाराही छपरांतून धूर निघत होता.