नसलेली म्हातारी

माझ्या सुनेने माझ्यादेखत दुसरीच एक म्हातारी सांभाळायला घेतली, आणि ती म्हातारी मला दिसत नव्हती.

आधी टेबल गेलं. कापड बेतायचं माझं टेबल, अर्धी खोली अडवणारं. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे मी त्यावर बेतले, आणि मुलाला त्याच्याखाली झोपवून वाढवलं. मुलगा गेला तरी टेबल होतं. मग सुनेने रुग्णांची शुश्रूषा शिकायला घेतली. घरबसल्या शिकता यावं म्हणून संस्थेने डोळ्यांवर चढवायचा हेडसेट दिला. मी त्याला झापडं म्हणायचे. झापडं लावली की खोलीत हॉस्पिटल दिसतं म्हणे, खाट आणि तिच्यावर सरावाची म्हातारीसुद्धा, पण चालायला-वाकायला जागा मोकळी लागते.

"आई, मी स्वयंपाकघरात करीन," सून म्हणाली.

"आणि कढईत पडशील. टेबल काढ."

"अहो, पण तुमचं काम?"

"मांडीवर शिवीन. मांडी अजून शाबूत आहे माझी."

सुतार टेबल घेऊन गेला. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पास झाली की सून लांबच्या शहरात नोकरीला जाणार, नातीला घेऊन, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच टेबल मी काढायला लावलं. सासू आडवी आली, असं कुणी म्हणायला नको.

दुपारी ती झापडं चढवायची आणि मी कोपऱ्यात टाके घालत बसायचे. ती कुठे धडकू नये, हे बघायचं काम माझं. मी "भिंत!" म्हणून ओरडले की ती जागच्या जागी थांबायची. मग वाकून हवेत हात घालायची.

"आजी, आता कूस बदलूया हं. घाबरू नका, मी धरलंय. उशी जरा वर घेऊ?"

तो आवाज ऐकून माझी सुई थांबायची. आम्हा दोघींचं बोलणं म्हणजे दूध आलं का, कडी लावली का. असा आवाज तिच्या गळ्यात आहे, हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं.

"काय म्हणतेय तुझी म्हातारी?" मी विचारलं.

"बरं वाटतंय म्हणते."

"म्हणेलच. तिला कुठे लोकांच्या बाह्या जोडायच्यात!"

नात खुदकन हसली. घरभर फिरत असते, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. "आजी, तुला तिचा राग येतो?"

"जी नाहीच, तिचा कसला राग?"

"मग मुद्दाम तिच्या खाटेवर पाय देऊन का जातेस?"

या पोरीची जीभ कुणावर गेली, ते सांगायला नको.

सून पास झाली. पेढीवर बसलेल्या शेठाला सांगावं तसं तिने मला दबकत सांगितलं. वर म्हणाली, "तुम्हीपण चला ना. एकच खोली आहे, पण भागेल."

"कोपऱ्यात उभी राहायला मी छत्री आहे का?"

ती भांडी घासायला उठली. पुन्हा विचारेल असं वाटलं होतं मला.

हेडसेट परत करायच्या आदल्या दिवशी तिने तो माझ्या डोळ्यांवर चढवला. समोर ती बया! गोबरी, कपाळावर एक आठी नाही. अंगातल्या झग्याला खांद्यावर शिवणच नव्हती. शिवणीशिवाय बाही बसते कधी? तिथेच ती खोटी हे मी ओळखलं.

"बोला ना तिच्याशी," सून म्हणाली.

"काय गं, तुझं कुणी आहे का?"

म्हातारी हसली. "बरं वाटतंय, बाळ."

"रात्री सोबतीला कोण असतं?"

"बरं वाटतंय, बाळ."

"हिला एवढंच येतं?"

"आपण सगळं नीट केलं की ती तेवढंच म्हणते," सून म्हणाली. "ते ऐकायलाच तर इतके दिवस खपले."

दोघी गेल्या. टेबलाचे पाय होते तिथे फरशीवर पांढुरके डाग आहेत. आता अख्खी खोली मोकळी, तरी मी कोपऱ्यातच बसते. परवा दुपारी सवयीने "भिंत!" म्हणून ओरडले. आपलाच आवाज ऐकून कपाळाला हात लावला.

काल फोन आला.

"आई, कशा आहात? जेवलात का? गुडघा कसा आहे? उठताना धरून उठता ना?"

तोच आवाज. उशी वर घेणारा. तिला सांगायला ओठांवर काय काय आलं होतं. ये म्हणावं, नाहीतर मला घेऊन जा म्हणावं, छत्री तर छत्री.

"बरं वाटतंय, बाळ," मी म्हणाले.

तिला बाळ म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. मग लांबून भिंगरीचा आवाज आला, "आई, रडतेस का गं?"

मी फोन ठेवला. तिची कामावर जायची वेळ झाली होती. तिकडे खऱ्या म्हाताऱ्या वाट बघत होत्या.