चोरीचं घरात नको

माझी बायको दीक्षा प्रताप नगरातल्या आमच्या बेडरूममध्ये बसून मोबाइल कंपन्यांची भांडणं लढते. म्हणजे कोर्टात वकीलच उभे राहतात, पण कुणी कुणाचं पेटंट ढापलं हे शोधून ही देते. यंदा तिने प्रतिस्पर्धी कंपनीला चांगलंच पकडलं. फोनवरचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवायची सोय त्यांनी हिच्या कंपनीची उचलली, असा दावा होता.

पंचाईत एवढीच, की माझे सासरे धोंडबा त्या प्रतिस्पर्धी कंपनीचाच फोन वापरायचे. कन्हानकडच्या कोळसा खाणीत नोकरी करून त्यांचे कान गेलेले. लेक रोज संध्याकाळी बोलायची आणि ते वाचायचे. हिच्या कंपनीकडे पेटंट होतं, पण या कंपनीच्या फोनला मराठी येत नव्हतं.

कोर्टाचा हुकूम आला, पुढच्या अपडेटमध्ये ती सोय काढा. ते अपडेट त्याच दिवशी येणार होतं. ऑफिसातून अभिनंदनाचे फोन येत होते आणि ही चप्पल शोधत होती. अपडेट आलं की लगेच करायचं, हे बाबांना हिनेच घोटवलं होतं. आता त्यांचा फोन बंद येत होता. मेसेज पाठवावा, तर मेसेज म्हणजे नोटीस असं मानून ते उघडतच नाहीत. आम्ही स्कूटरवरून कन्हानला त्यांचं घर गाठलं.

बाबा अंगणात फोन घेऊन बसले होते. हिचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं.

"झालं अपडेट," ते म्हणाले. "आधी फोननं इचारलं, लिहून येनं बंद होईन, चालते का. मी हो म्हटलं."

"काहून बाबा?" ही इतक्या मोठ्याने ओरडली, की शेजारच्या इंदूबाई दारात आल्या आणि बाबांनाही तेवढं ऐकू आलं.

"तूच तं सांगितलं कोर्टात, ते चोरीचं हाय. मंग मीच वापरून राहिलो, तं लोक काय म्हनतीन तुले?"

चोरी वगैरे काही नाही बाबा, हा सगळा धंदा आहे, चार महिन्यांत दोघं तडजोड करतील, असं ही भडाभडा सांगत सुटली. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मग ती रडायला लागली.

"हळू बोल वं," बाबा म्हणाले. "तोंडाकडं पाह्यलं तं समजते थोडं."

दीक्षाने डोळे पुसले. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, जेवले का तुमी?"

बाबांनी ते ओठांवरून वाचलं.

"नाही," ते म्हणाले. "आता तू आली न, जेवू."