सांगून गेलेल्या बाईची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. बोलतेय कसली, बोंबलतेय. माझी बाई घसा फोडून सांगत होती, "मी सांगून गेले होते!" आणि एकाही माणसाचा तिच्यावर विश्वास बसला नाही. पोटच्या पोराचा नाही, सुनेचा नाही, दर शनिवारी तिच्या हातचा चहा ढोसणाऱ्या एकवीस जणांचाही नाही. मी तिच्या गळ्यातच होते. सगळं ऐकलं होतं. पण शिट्टीची साक्ष कोण काढतो?

मी पितळेची, वरून चकचकीत मुलामा. पोटात बुचाचा एक मणी आहे, तो नाचला की मी ओरडते. शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी मला अकरा वर्षं फुंकलं आणि नोकरी संपली तेव्हा शिपाईणबाईंच्या हातात ठेवलं. "पोरं तुमचंच ऐकतात. माझं कुठं ऐकली?" म्हणाले. तीच माझी बाई. स्वतः चौथी शिकलेली, पण मधली सुट्टी संपली की चारशे पोरं एका फुंकरीत वर्गात घालायची.

मग तिचा मुलगा परदेशात पूल बांधणाऱ्या कंपनीत लागला. त्याला मुलगी झाली. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, बाळ कोणी सांभाळायचं? बाईनं घराला कुलूप घातलं, मला कोटाच्या खिशात टाकलं आणि विमानात बसली.

पहिले चार महिने आम्ही दोघी मुक्या. बाळ झोपलं की बाई खिडकीत. खाली रस्ता एवढा स्वच्छ की भांडायलाही कोणी नाही. लिफ्टमध्ये माणसं भेटायची, दात दाखवायची आणि मजल्याचे आकडे वाचत राहायची. एकदा बाई सुनेला म्हणाली, "अगं, इथं माणसं मेली की काय सगळी? आवाज कसा नाही कुणाचा?"

मग आपली भाषा बोलणाऱ्यांची ती मंडळी सापडली. दर शनिवारी वाचनालयाच्या तळघरात जमायची, महिन्यातून एकदा बस करून सहलीला जायची. म्होरक्या होता एक दातांचा डॉक्टर. बाई त्याला तोंडावर दातवाले म्हणायची. पहिल्याच सहलीत बस सुटायला आली तरी कोणी जागेवर नाही. ही माणसं चार तास प्रवास करून धबधबा बघायला जातात आणि त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात! दातवाले ओरडून ओरडून लाल झाले. तेव्हा बाईनं मला बाहेर काढलं आणि एक लांब फुंकर मारली. दोन मोठे डॉक्टर आणि एक बँकेचा साहेब पहिलीतल्या पोरांसारखे पळत आले. त्या दिवसापासून ती शिट्टीआत्या झाली. तिला नाव मिळालं, मला गळा मिळाला. त्या परक्या मुलखात आमची एवढीच काय ती मालमत्ता.

पुढे मंडळींत एक तरणी पोरगी आली. जन्म इथलाच. आईबापांनी भाषा शिकवली, तीही स्वच्छ, पण पाठ केल्यासारखी. चढताना-उतरताना फोनवर हजेरी घ्यायचं काम तिच्याकडं, म्हणून तिचं नाव पडलं यादी. बाईची लाडकी. "माझ्या शिट्टीला तुझी यादी," म्हणायची, "आपण दोघी असलो की एक माणूस हरवायचं नाही."

हरवली ती बाईच.

त्या शनिवारी एका बेटावर गेलो. मुलगा आणि सून घरीच होते, बाळाला सर्दी होती. शेवटची बोट साडेतीनला, पुढची थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. सव्वातीनला सगळे धक्क्यावर रांगेत उभे. बाईनं कोटाच्या खिशात हात घातला, आणि मला तिच्या छातीतली धडधड लागली. बाळाचं टोपडं नव्हतं. दीपस्तंभाखालच्या बाकावर बसून तिनं ते विणलं होतं, तिथंच राहिलं. जाऊन यायला दहा मिनिटं. तिनं हातातली पिशवी यादीच्या खांद्याला अडकवली. फोनही त्याच पिशवीत.

"आत्या, तुम्ही?" यादीनं फोनमधून मान वर न काढता विचारलं.

"येते गं मी!" बाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि वळली.

एवढंच बोलणं झालं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

टोपडं बाकावर नव्हतं. वाऱ्यानं उडून कुंपणाच्या तारेत अडकलं होतं. ते सोडवताना बाईची नजर खाली गेली. धक्क्यावर कोणी नव्हतं. बोटीवरचा माणूस दोर गुंडाळत होता. पाच मिनिटं आधीच! फोनवरच्या हजेरीत बावीसच्या बावीस खुणा पडलेल्या, मग थांबायचं कशाला?

बाई उतारावरून धावत सुटली आणि तिनं मला फुंकलं. उभ्या आयुष्यात मी तशी ओरडले नव्हते. एकदा, दोनदा, सात वेळा. मणी फुटेल की काय असं झालं. बोट वळली आणि तिचं बूड आम्हाला दाखवून चालती झाली.

नंतर कळलं, माझा आवाज बोटीवर ऐकू गेला होता. दातवाले म्हणाले, "ऐका, आत्या वरच्या मजल्यावर हजेरी घेतायत!" आणि सगळे हसले. ती बोटीवर नाही अशी शंका यायची, ती माझ्याच आवाजानं मिटली. हे मी विसरणार नाही.

चहाची टपरी बंद, संडासांना कुलूप. वारा कानात सुईसारखा शिरत होता. बाईचे ओठ निळे पडले. तिनं टोपडं स्वतःच्या एका कानावर धरलं, मग दुसऱ्या कानावर. "काही नाही होत," मला म्हणाली, "शाळेची संरक्षक भिंत पडली तेव्हा कुठं घाबरले होते?" उजेड पाण्यावरून सरकत चालला होता.

शेवटी कचऱ्याचे डबे रिकामे करायला एक बाई आली. भाषा दोघींनाही एकमेकींची येईना. माझ्या बाईनं मला दाखवलं, बोट गेली त्या दिशेला हात केला आणि कपाळावर मारून घेतला. त्या बाईला सगळं समजलं. तिनं आपला कोट काढून दिला आणि आम्हाला होडीत घेतलं. काळ्या पिशव्यांच्या ढिगावर बसून आम्ही परत आलो.

धक्क्यावर दोन पोलीस, एकवीस माणसं आणि मुलगा. त्याच्या पायांत घरातल्या सपाता होत्या.

"आई, कुणाला न सांगता—"

"न सांगता? मी जाते म्हणून सांगून गेले! विचार हिला."

सगळ्यांनी यादीकडं पाहिलं. पोरगी पांढरीफटक. "मी विचारलं होतं," ती म्हणाली, "आत्या हो म्हणाल्या. म्हणजे, बोटीत चढतेय म्हणाल्या. म्हणून मी खूण केली."

"मी जाते म्हटलं की नाही?"

"नाही, आत्या."

"तोंडावर खोटं बोलतेस?"

पोरगी रडायला लागली आणि तिथंच निकाल लागला. रडणारी तरणी पोरगी खरी, भांडणारी म्हातारी खोटी. दातवाले मुलाच्या कानाशी लागले, "वय होतं हो. माझ्या सासूचं असंच सुरू झालं."

बाई छप्पन वर्षांची आहे. कानही शाबूत आहेत.

घरी आल्यावर मुलानं माझी दोरी तिच्या गळ्यातून काढली. "आता सहली बंद, आई," म्हणाला आणि मला दाराजवळच्या स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. जुने सेल, रबरं आणि मी. खण नीट मिटत नाही, म्हणून मला सगळं ऐकू यायचं, फटीतून दारही दिसायचं. सोमवारपासून बाळ पाळणाघरात जायला लागलं. सून हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला आराम हवा." म्हणजे बाळ तुमच्या हाती द्यायला भीती वाटते. गुरुवारी डॉक्टर तिची आठवण तपासणार होता. त्यात नापास झाली तर परतीचं विमान, कुलूप घातलेल्या घरात, एकटी.

बुधवारी सकाळी मुलानं विचारलं, "आई, आज वार कोणता?"

"बुधवार. तू बुधवारीच जन्मलास, पायाळू. तेव्हापासून उलटाच चालतोयस."

जीभ तीच होती. पण दिवसभर ती रिकामा पाळणा हलवत होती, तो आवाज मी ऐकला.

बोटीच्या कचेरीतून एक कागद आला होता. घटना कशी घडली आणि जबाबदार कोण, ते लिहून द्यायचं. ज्याचं नाव लिहाल त्याला पुढं सोबतीशिवाय बोटीत घेणार नाहीत. संध्याकाळी मुलगा तो भरायला बसला. "आधी पेन्सिलीनं लिहितो," सुनेला म्हणाला. पेन्सिल थोडी करकरली. मला समजलं कुणाचं नाव पडलं ते.

तेवढ्यात यादी आली. बाईची पिशवी तिच्याकडंच राहिली होती. चहा झाला. "आत्या, मी खरंच खोटं नाही बोलले," पोरगी म्हणाली. "मग मी बोलले," बाई म्हणाली. शेवटी यादी उठली, दारात बूट घालायला लागली.

"मी जाते."

बाईच्या हातातली बशी खणकन खाली आली. "अगं! जाते काय म्हणतेस दिवेलागणीला? येते म्हण!"

"पण मी तर जातेय."

"म्हणून काय झालं? निघताना येते म्हणायचं. पाच वर्षांची असताना जाते म्हटलं तर आईनं थोबाडीत दिली होती मला. निघताना तो शब्द तोंडातून काढायचा नसतो."

यादी एक बूट हातात धरून चपलांच्या फळीवर मटकन बसली. "आत्या... तुम्ही निघताना नेहमी येतेच म्हणता?"

"नेहमी."

"त्या दिवशी धक्क्यावरही?"

मी खणात ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्यात वारा कुठला?

"मला वाटलं, बोटीत येताय," यादी म्हणाली. "आमच्या घरी सगळे हात हलवून जातात हो. मला कोणी सांगितलंच नाही."

मुलगा दाराशी आला. "आई, पण तू तर म्हणालीस, जाते म्हणून सांगितलं."

"तेच तर सांगितलं! येते म्हटलं म्हणजे जाते म्हणूनच सांगितलं की!" आणि मग तिचा पारा चढला. "हिचं सोड, ही इथं जन्मली. तू माझ्या पोटचा ना? रोज मला येतो म्हणून घरातून बाहेर पडतोस. पाच दिवसांत एकदा तरी विचारलंस, आई, तू नेमके कोणते शब्द बोललीस? वार विचारत बसलास!"

सून आत गेली, पाळणाघराला फोन लावला आणि उद्यापासून बाळ येणार नाही म्हणाली. मुलानं डॉक्टरची वेळ रद्द केली. मग खण उघडला, मला बाहेर काढलं, पण आईच्या गळ्यात घालायला त्याचा हात होईना. तिनंच माझी दोरी ओढून घेतली.

आता मी तिच्या गळ्यात आहे. मणी जरा घासला आहे, आवाज थोडा फाटतो. माझं मागणं एवढंच, बाबांनो. म्हाताऱ्या माणसाला वार नका विचारू. ते काय बोललं ते विचारा, आणि जसंच्या तसं ऐका.

मुलगा कागद फाडायला निघाला होता. "थांब," बाई म्हणाली. "कचेरीनं विचारलंय तर उत्तर द्यायचं. नाव मी लिहिते." तिनं खोडरबरानं स्वतःचं नाव पुसलं. यादीनं मुकाट्यानं स्वतःचं लिहायला हात पुढं केला, तो बाईनं बाजूला सारला. पेन घेतलं आणि चौथीच्या वळणदार अक्षरात, रेघ मारून, जबाबदार कोण या रकान्यात लिहिलं:

येते.