यानिनाचं थडगं

"कागद हरवत नसतो, बघणारा आंधळा असतो," असं कचेरीतल्या दप्तरखान्याचे कारकून गणपतराव उठता-बसता सुनवायचे. वीस वर्षं त्यांचा हा तोरा चालला. आणि छप्पन साली एका पोरीच्या पत्रानं त्यांची पार जिरवली.

पत्र आलं थेट पोलंडहून. सोबत इंग्रजी तर्जुमा जोडलेला. तेरेसा नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं: 'मी दोन वर्षांची असताना शिपायांनी माझ्या आईला धरून रशियात नेलं. मी तापानं फणफणले होते म्हणून आजीनं मला लपवलं. नंतर आमचं गाव जळालं, आम्ही दूर गेलो. आई हिंदुस्थानात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात होती, एवढंच कळलं. आजी म्हणते, ती वारली. यानिना बोरोव्स्का हे तिचं नाव. तिचं थडगं कुठं आहे तेवढं कळवा.'

गणपतराव हळवे झाले, आणि तेवढेच इरेलाही पेटले. वळिवड्याला लढाईच्या काळात हजारो पोलिश निर्वासित राहिले होते. कॅम्प उठल्यावर त्याची दप्तरं बारदानात बांधून ह्यांच्याच खोलीत येऊन पडली होती. पठ्ठ्यानं धूळ खात, शिंकत शिंकत सगळी सोडून पाहिली. शिध्याच्या यादीत सत्तेचाळीसच्या एप्रिलपर्यंत बाईचं नाव होतं, पुढं गायब. मयतांच्या नोंदीत नाही. बोटीनं परत गेलेल्यांत नाही. मग गेली कुठं? आकाशानं गिळली?

आठ दिवसांनी त्यांनी हात टेकले. 'सदर बाईचा तपास लागत नाही' असा मसुदा लिहून घरी आले आणि तोंड पाडून बसले. बायको सरोजिनीबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. सगळी हकिकत ऐकून म्हणाल्या, "लगीन करून इथंच राहिली असंल की. चार-दोघींनी केली हुती की लग्नं."

"तेवढी अक्कल आहे मला! शहराच्या रेशनच्या याद्या वॉर्डवार चाळल्या. यानिना नावाची एक बाई नाही."

सरोजिनीबाईंचा हात थांबला. "माझं माहेरचं नाव काय हो?"

बावीस वर्षांचा संसार! गणपतरावांनी छताकडं बघितलं, मग चपलांकडं बघितलं. "गंगू?"

"गंगू तुमची मावशी! मी वेणू. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तुम्हीच सरोजिनी लिहिलंत आणि वेणू संपली. त्या बाईला काय सासरी यानिना म्हणून नांदवतील व्हय? म्हणं दप्तरखान्याचे राजे!"

राजांनी चपला घातल्या.

परजातीतलं लग्न लावायला न कचरणारे भटजी म्हणून मंगळवार पेठेतले दत्तोपंत तेव्हा प्रसिद्ध होते. बारशाला पुन्हा बोलावणं येतंच, या हिशेबानं ते लावलेलं प्रत्येक लग्न वहीत टिपून ठेवत. सत्तेचाळीसच्या मे महिन्यात सापडलं: 'वर बाळासो, इंजिन दुरुस्तीवाले. वधू कॅम्पातली, यानिना. नाव ठेवले शालू.' घर तिथून तिसऱ्या गल्लीत. गणपतराव ह्या वयात धावत सुटले.

अंगणात एक उंच, घाऱ्या डोळ्यांची बाई नाकाला पदर लावून मिरच्या वाळत घालत होती. उंबऱ्यावर सासू झुंबरबाई पान कुटत बसलेली.

"कोण पायजे, पावणं?" बाईनं विचारलं. बोली अशी अस्सल, की गणपतरावांना क्षणभर वाटलं, घर चुकलं.

"यानिना बोरोव्स्का?"

बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. नऊ वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. गणपतरावांनी पत्र पुढं केलं. तिनं खालची सही बघितली आणि ती मिरच्यांतच मटकन बसली.

"कुणाचं गं?" झुंबरबाई उठून आली.

शालूबाईनं सासूकडं बघितलं. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, हे गणपतरावांना आत्ता उमगलं. आपण भर अंगणात हे काय करून बसलो!

"माझ्या लेकीचं," ती म्हणाली. "गाव जळालं, सगळी मेली, असं कॅम्पात सांगितलं हुतं मला. मेलेल्या पोरीचं नाव कुणाम्होरं काढू, आत्ती? मी ते गिळलं आणि गप बसले. ती माझं थडगं इचारतीया."

गल्लीत शेजारणी जमू लागल्या होत्या. झुंबरबाईनं पानाची पिंक टाकली, कमरेवर हात ठेवले. आता ही सुनेचं सामान बाहेर फेकते, असंच गणपतरावांना वाटलं.

"थडगं?" म्हातारी कडाडली. "अगं, मग मिरच्यांत बसून रडतीस काय? ऊठ! पावणं, तुमच्याकडं टाक हाय न्हवं? द्या तिच्या हातात. सविस्तर मागनं लिव्ह, पोरी. पैलं एवढंच लिव्ह, आई जित्ती हाय म्हणून."